विषय: सेक्शन ८ चा फॉर्म आणि आत्याचा महालच्या घरातला हिस्सा – लवकर सांगा

प्रेषक: भाची, महाल, नागपूर

नमस्कार, ह्या मेल लिस्टवर आत्याच्या आयडीवरून मी लिहितेय, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच इथे नागपूरला झालं म्हणून. सेक्शन ८, म्हणजे अमेरिकेत कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी भाडेमदत, तिच्या हाउसिंगवाल्यांचं पत्र आलंय, पण गेलं आत्याच्या जर्सीतल्या जुन्या अपार्टमेंटवर, खाली राहणाऱ्या बेननी उचलून ठेवलं आणि फोटो पाठवला म्हणून कळलं तरी. पाच वर्षांनी नंबर लागलाय आणि मुदतीतले आठच दिवस उरलेत, नाहीतर नाव काढणार. सोशल सिक्युरिटीचं पत्र, बँकेचे कागद सगळं तयार आहे. अडलंय एकाच ओळीवर, कुठे घर-जमीन आहे का? महालच्या आजोबांच्या घरात तिचा तिसरा हिस्सा आहे, राहतो आम्ही. बाबा म्हणतात लिही, धाकटे काका म्हणतात काऊन लिहिता बापा, आलेला नंबर जाईल. काय करू?

प्रेषक: एडिसनवाले काका

अजिबात लिहू नका. तो प्रश्न अमेरिकेतल्या घराचा असतो. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही गावाकडचं काही लिहिलं नव्हतं, कोणी विचारलं नाही.

प्रेषक: सीनियर कमिटी

काका, माफ करा पण हे चूक आहे आणि मेल लिस्टवर असं लिहू नका, लोक खरं मानतात. मालमत्ता कुठल्याही देशातली असो, दाखवावीच लागते. खाली सही असते की सगळं खरं आहे, खोटं निघालं तर व्हाउचर, म्हणजे ती भाडेमदत, जातं, दिलेली मदत परत मागतात आणि वर गुन्हा. असे फॉर्म आधी कमिटीकडे पाठवा हे मी गणपतीतही सांगितलं होतं, आपण बसून भरून देतो, आणि पैसे घेऊन नंबर वर सरकवतो म्हणणाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका, वेटिंग लिस्टला फी नसते.

आता हिस्स्याचं. २०१६ च्या कायद्याने, हॉटमा म्हणतात त्याला, राहण्याजोगं घर स्वतःचं असेल तर मदत नाही आणि एकूण मालमत्तेलाही मूळ १ लाख डॉलरची मर्यादा, ती महागाईप्रमाणे वाढते. पण घर दुसऱ्या कोणासोबत सामाईक असेल आणि तो दुसरा मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर ते घर आड येत नाही. ताईंचा भाऊ तिथे राहतो ना? मग हेच स्पष्ट लिहा. सगळ्या हाउसिंग ऑथॉरिटींनी नवे नियम एकाच वेळी लावलेले नाहीत, तेव्हा तुमच्या ऑफिसला लेखी विचारा आणि मुदतही लेखी वाढवून मागा.

प्रेषक: प्रतापनगर, सध्या डॅलस

एवढं कशाला, आत्याने भावांच्या नावे हक्कसोड करून द्यावं. सब-रजिस्ट्रारकडे एका दिवसाचं काम आहे. आमच्या आईने केलं, कोणाचं काही बिघडलं नाही.

प्रेषक: भाची

दादा, २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला आणि फॉर्मच्या एका ओळीसाठी तो सोडायला मी आत्याला सांगू? फायदा माझ्याच बाबांचा आहे, म्हणून तर मी हे तोंडातून काढणार नाही.

प्रेषक: सीनियर कमिटी

आणि उपयोगही नाही. मागच्या दोन वर्षांत फुकट किंवा कमी किमतीत दिलेली मालमत्ता धरतातच, तोही प्रश्न फॉर्मवर आहे. आज हक्कसोड केलं तर उलट तेच लिहावं लागेल.

प्रेषक: त्रिमूर्तीनगर

आखीव पत्रिका, म्हणजे सिटी सर्व्हेचा मालकीचा कागद, आहे का पण? आमच्याकडे नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आरएल पत्र होतं आणि पत्रिकेवर नाव चढवायला सिटी सर्व्हेच्या किती चकरा मारल्या मोजल्या नाहीत. आठ दिवसांत नाही होत.

प्रेषक: भाची

आहे. पेटीत कापडी पिशवीत होती, घडीवर फाटलीय आणि नाव अजून आजोबांचंच. आत्या भिंग लावून वाचत होती, वडिलांच्या नावावर बोट ठेवून बसली. वारस नोंद कोणी केलीच नाही.

प्रेषक: एडिसनवाले काका

बरं, मग लिहा. नियम माहीत नव्हता मला. पण आत्याला लवकर पाठवा, व्हाउचर मिळाल्यावर घर सलग १८० दिवसांपेक्षा जास्त सोडता येत नाही, काही ठिकाणी त्याहून कमी. आमचे एक ओळखीचे नातवाच्या मुंजीला आले, मग लग्न निघालं, मग पावसाळा, आणि परत गेले तर जागा गेलेली. एसएसआय, म्हणजे गरजू वृद्धांना मिळणारी वेगळी सरकारी मदत, असेल तर अजून कडक, ३० दिवस सलग देशाबाहेर की पैसे बंद.

प्रेषक: पिस्काटावे

एसएसआय नाही हो तिला, सोशल सिक्युरिटी आहे, ती साधारणपणे चालू राहते. ताई, सिनियर बिल्डिंगांचाही अर्ज टाकून ठेवा, सेक्शन २०२ च्या, ६२ च्या वर. प्रत्येक बिल्डिंगची लिस्ट वेगळी, एकीकडे भरलं की सगळीकडे गेलं असं होत नाही. आमची आई चार ठिकाणी होती, चौथीकडून फोन आला. भाडं व्हाउचरसारखंच, हिशोबात धरलेल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के.

प्रेषक: भाची

सगळ्यांचे आभार. लिहिलं. वडिलोपार्जित घर, तिसरा हिस्सा, वाटणी नाही, भाऊ सहमालक आणि तिथेच राहतो. सोबत आखीव पत्रिकेची प्रत आणि मजकुराचं भाषांतर जोडलं, वारस नोंद व्हायची आहे हेही लिहिलं. पत्ता बदलून आतेभावाचा दिला, मुदतवाढीचं पत्र वेगळं. आत्याने डोळ्यावर हिरवी पट्टी असतानाच चार ठिकाणी सह्या केल्या, एकही मला करू दिली नाही. स्कॅन आज जाईल, कुरिअर उद्या सकाळी. धाकटे काका आता वारस नोंदीच्या मागे लागलेत.

पुढच्या आठवड्यात जर्सीला कोणी जाणार आहे का? खालच्या बेनना संत्राबर्फीचा एक डबा द्यायचा आहे, घरी आणून देईन.