मदत हवी आहे: वावरातली गंजी झाकायची कशी? उद्या वारा-पाऊस, मागून थंडी

काळीमाती
उद्या आमच्या जिल्ह्याला यलो अलर्ट आहे. विजा, सुसाट वारा, कुठं कुठं गारा. मागून पारा उतरणार म्हणतात. गंजी वावरातच उघडी आहे. हडंबावाला (मळणीयंत्रवाला) फोन उचलत नाही. काल रात्री वाऱ्यानं ताडपत्री निघाली, एका कोपऱ्याची कडी फाटून गेली. वर ठेवलेले दगड घरंगळले. काय करू, लवकर सांगा. लिंका नका देऊ.

विहिरीकाठ
कशाची गंजी? गाव कोणतं? गोंदिया अन् बुलडाण्याचं हवामान एक नसते.

काळीमाती
तूर. जानेवारीत सोयाबीनची गंजी कोण ठेवते भाऊ? दारव्ह्याकडचा आहे.

मोर्शीचा_संत्रा
आंबिया बहारासाठी (उन्हाळ्याआधीची फुलं) संत्र्याची बाग ताणावर, म्हणजे पाणी तोडून ठेवली असेल तं हा पाऊस लय वाईट. ताण तुटते, फुलाऐवजी नवती (कोवळी पालवी) निघते. गारांनी साल फुटली तर 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारा, खोडाच्या जखमेला बोर्डो मलम लावा. उशीर केला की बुरशी शिरते.

काळीमाती
माझ्याकडे संत्रा नाही जी. तुरीचं सांगा.

नाना_दिग्रस
हडंब्याची वाट काऊन पाहता? बाया लावा, काठीनं झोडपून घ्या. आमच्या बापानं जिंदगीभर तसंच केलं.

विहिरीकाठ
नाना, एका दिवसात? किती एकराची आहे हे तरी विचारा.

काळीमाती
चार एकर. बाया कापूस वेचायला गेल्या, मिळत नाहीत.

वणीच्या_ताई
दादा, दगड वर ठेवू नका, ते घसरतातच. गंजीचा माथा मधून उंच करा, म्हणजे पाणी साचणार नाही. ताडपत्रीवरून नायलॉनचा दोर आडवा-तिडवा टाका अन् दोन्ही टोकांना मातीनं भरलेली पोती लोंबत ठेवा. वारा आला की पोती दोर ताणून धरतात. फाटक्या कोपऱ्यात मूठभर माती घेऊन बाहेरून दोर आवळा, ती गाठ कडीपेक्षा पक्की बसते. चहूबाजूंनी चर काढा. आज उजेडातच उरका. विजा सुरू झाल्यावर वावरात थांबू नका, झाडाखाली तर नाहीच. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप टाकून ठेवा.

पीकविमा_जागरूक
सगळ्यात आधी फोटो काढा! काढणीपश्चात नुकसान 72 तासांत विमा कंपनीला कळवावं लागते.

विहिरीकाठ
ते जुनं झालं. खरीप 2025 पासून राज्यानं ते संरक्षण काढून टाकलं, आता भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या (नमुन्याचं वावर कापून मोजलेल्या) उत्पन्नावर. तूर खरिपाचीच आहे.

पीकविमा_जागरूक
तरी फोटो काढायला काय जाते? तलाठ्याकडे पंचनाम्याला लागतात.

विहिरीकाठ
पंचनाम्याचं पटलं. पण 72 तासांचं सांगून लोकांना आशा लावू नका, तेव्हापासून शेतकरी त्यातच फिरत आहेत.

गोंदियाकर
थंडी नेमकी केव्हा, हे समजून घ्या. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी पावसाळी हवा) अन् बंगालच्या उपसागराकडून आलेलं बाष्प एकत्र आलं की आपल्याकडं अवकाळी होते. ढग असेपर्यंत रात्र उबदार राहते. ते पुढं सरकले, आभाळ निवळलं अन् उत्तरेचा कोरडा वारा सुटला की हुडहुडी भरते. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंश होतं.

नाना_दिग्रस
त्या साली आमच्याकडं पहाटे कळशीला हात लावता येत नव्हता.

काळीमाती
थंडीनं तुरीचं काही बिघडते का? रात्री राखणीला गंजीजवळच झोपतो. ताडपत्रीच्या आडोशाला निखारे ठेवले तर चालते का?

वणीच्या_ताई
अजिबात नको दादा! बंद आडोशात कोळशाचा वायू साचतो, झोपेतच माणूस जातो. अन् वाळली तूर बाजूला, एक ठिणगी पुरते. शेकोटी लांब, उघड्यावर, झोपायच्या आधी विझवून टाका. अंगावर दोन कांबळी घ्या. थंडीनं तुरीला काही होत नाही, ओलीनं होते. पाऊस थांबून ऊन पडलं की ताडपत्री काढा. झाकलेलीच राहिली तर आत वाफ धरते, शेंगा काळ्या पडतात. पहाटे दव असते म्हणून ऊन चढल्यावरच उघडा, सांजेला परत झाका.

मोर्शीचा_संत्रा
बोर्डो करताना चुना ताजा घ्या, जुन्या चुन्यानं मिश्रण बिघडते.

काळीमाती
पोती भरतो आहे, पोरगं चर काढते. हडंबावाल्याचा फोन लागला, पावसानंतर ऊन तापलं की येतो म्हणते. ताई, दोर किती जाड पाहिजे?

वणीच्या_ताई
बोटाएवढा. बारीक दोर ताडपत्री कापते.