मदत हवी आहे: आहाजचं नक्की चुकलं कुठे?
जय ख्रिस्त मंडळी. तरुण संघात बायबलमधल्या यशया पुस्तकाचे अध्याय 7-8 घेतोय आणि एका ठिकाणी अडकलोय.

साधारण इ.स.पू. 735. अराम आणि इस्राएल मिळून यहूदाच्या राज्यावर चालून आले, तेव्हा तिथल्या आहाज राजाचं मन वाऱ्याने हलणाऱ्या रानातल्या झाडांसारखं कापलं. यशया संदेष्टा त्याला गाठतो ते यरुशलेमच्या वरच्या तळ्याच्या पाटाजवळ. वेढा पडला तर पाणी पुरेल का, हेच बघायला बहुधा राजा तिथे गेला असावा. ‘शांत राहा, भिऊ नको’ हा निरोप काही त्याला पटला नाही. मदत मागायला मंदिरातलं सोनंरुपं त्याने बलाढ्य अश्शूरच्या राजाला धाडलं. यशयाच्याच शब्दांत, यरुशलेमच्या शिलोहाचं संथ पाणी (देवावरचा भरवसा) सोडून फरात नदीचा लोंढा (म्हणजे अश्शूर) घरात घेतला म्हणा ना.

इथवर ठीक. पण गेल्या रविवारी एका पोराने हात वर केला, “दादा, मग पप्पांनी विमा काढलाय, तोही अविश्वासच का?” मी खडू हातात धरून नुसता उभा!

तळं तपासणं वेगळं आणि अश्शूरला शरण जाणं वेगळं, असं मला वाटतं. पण सोळा वर्षांच्या मुलाला हे सांगायचं कसं? 8:12-13 (लोक ज्याला भितात त्याला भिऊ नका, परमेश्वराचंच भय धरा) कुणी शिकवलंय का? रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण द्या. तासाभराच्या प्रवचनांच्या लिंक नकोत, प्लीज.