जोडी जमली, पण ससे खोलीभर लेंड्या टाकतात

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): नर-मादी, दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालंय. वेगळे होते तेव्हा लेंड्या-लघवीला ट्रेमध्येच जायचे. एकत्र ठेवल्यापासून सगळीकडं घाण. काय करावं?

उत्तर (खानापूर): सवय मोडलेली नाही, नवी हद्द आखतायत. सुट्या कोरड्या लेंड्या हळूहळू कमी होतात. आधी जागा आखडती घ्या, ट्रेचा वापर सुधारला की थोडी थोडी वाढवा. ट्रे दोघं शेजारी बसतील एवढा, साधारण 2 फूट बाय दीड. तळाला फाडलेली वर्तमानपत्रं, एका टोकाला भरपूर वाळलं गवत. ससा खाता खाताच हगतो, म्हणून गवत ट्रेमध्येच हवं. साफ करताना लघवीनं भिजलेलं मूठभर गवत परत ठेवा, वासानं जागा ओळखतात.

उत्तर (निपाणी): मांजराची गोळा होणारी वाळू अजिबात नको, पोटात गेली तर आतडं तुंबतं. सॉ मिलचा बारीक भुसा नाकात जातो. फरशी पांढरं व्हिनेगर नि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा, फिनेल नको. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, हुंगून मगच घाला.

प्रश्नकर्ता: नर सोफ्यावर लघवीही करतो.

उत्तर (खानापूर): ऑपरेशननंतर हार्मोन उतरायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर सोफा बंद. थेंबथेंब लघवी किंवा कुंथणं दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.