शेवटचा कधी दिसला? जाणाऱ्या पाखरांचे अनुभव

थंडीचा पाहुणा धोबी पक्षी पहिल्यांदा दिसला की ऑक्टोबरात चार फोन येतात. तो गेला कधी, हे मात्र कुणाच्याच वहीत नसतं. शेवटचा दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे कुठं ठाऊक असतं? म्हणून शिमग्यापासून मिरगापर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडं काय जाताना, काय येताना पाहिलंत ते सांगा. यादी नको, प्रसंग हवा.

सुरुवात मीच करतो. एप्रिलात राकसकोप धरणाचं पाणी हटतं आणि काठाचा चिखल उघडा पडतो. तिथं शेपूट हलवत फिरणारे तुतारी पक्षी मी रोज मोजतो. मागच्या वर्षी सात, पाच, दोन असं उतरत गेलं. मग दोन दिवस लग्नात अडकलो आणि शेवटची तारीख हुकली ती हुकलीच.

येळ्ळूर
भात निघाल्यावर नांगरामागं पिवळे धोबी असतात. थंडीत मळकट, ओळखू येत नाहीत. मार्चअखेर बघा की, हळद लावल्यागत पिवळेधमक! जायच्या आधी नटतात. ट्रॅक्टरला भीत नाहीत, मला भितात.

अथणी
आमच्याकडं भोरडी (गुलाबी मैना) म्हणजे पक्षीनिरीक्षण नव्हे, राखण. शाळू भरला की आज्जा माळ्यावर गोफण घेऊन बसायचा आणि आम्ही पत्र्याचे डबे बडवायचो. थवा उठला की शेतावर सावली फिरायची. हीच भोरडी शाळू निघाल्यावर पळसावर, पांगाऱ्यावर चोची बुडवताना दिसते, तेव्हा तिला पळसमैना का म्हणतात ते कळतं. एप्रिलात अंग गुलाबी, डोकं काळंभोर, तुरा झुलणारा. संध्याकाळी बाभळीवर इतकी बसतात की आवाजात बोलणं ऐकू येत नाही. मग एका सकाळी बाभूळ गप्प.

ही मध्य आशियात, कझाकस्तानाकडं जाऊन दगडांच्या कपारीत घरटी करतात आणि पिल्लांना टोळ भरवतात, हे मी आज्जाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तिकडं राखणदार आणि हितं चोर!"

गोकाक
धुपदाळच्या बंधाऱ्यावर, घटप्रभा पक्षी अभयारण्यात (१९७४चं आहे), कांड्या करकोचे बघायला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. दुर्बीण नवी, डबा भरलेला. काठावरचा म्हातारा म्हणाला, "हक्की नोडाक बंदीरेन्री? निन्नेनं होदवु." पक्षी बघायला आलात? कालच गेले म्हणे. डबा तिथंच बसून दोघांनी खाल्ला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच जाणार.

खानापूर
माझा अनुभव येणाऱ्याचा आहे, चालेल ना? मेचा तिसरा आठवडा, पहाटे सोप्यातल्या काचेवर धाडकन काहीतरी आदळलं. बघते तर पायरीवर नवरंग पक्षी! हिरवी पाठ, निळा खांदा, बूड लालभडक, शेपूट जवळजवळ नाहीच. डोळे अर्धवट मिटलेले. पोरगं चमच्यानं पाणी पाजायला धावलं, त्याला अडवलं. चोचीत पाणी ओतलं की श्वासनळीत जातं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, आत सुकं फडकं घातलं आणि अंधाऱ्या खोलीत ठेवून दिलं. सासूबाई दर दहा मिनिटांनी विचारायच्या, "सोयरा उठला का?" मलाच झाकण उघडून बघायचा मोह आवरेना.

हे नवरंग थंडीत दक्षिणेकडं, श्रीलंकेपर्यंत असतात आणि पावसाआधी रात्री उडत घाटात वीण करायला येतात. दमलेले, दिव्यांना भुललेले असे घरात शिरतात. दहाच्या सुमाराला खोक्यात खुडबुड झाली. परसातल्या जांभळाखाली झाकण काढलं तर क्षणभर बसला आणि पाचोळ्यात टुणटुण निघून गेला. तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ ऐकू आली. तोच असेल असं सासूबाईंचं मत. मी वाद घातला नाही. काचेवर आता बाहेरून दोऱ्या सोडल्यात.

निपाणी
चातक. मिरगाच्या चार दिवस आधी, तारेवर. आफ्रिकेतून येतो म्हणतात. आमच्या वडलांना आफ्रिका ठाऊक नव्हती. "पिऊ पिऊ" ऐकलं की बियाणं उन्हात घालायचे.

राकसकोप, पुन्हा मीच
६ मे. एक तुतारी अजून आहे. उद्या सकाळी परत जातो. यंदा कुणाचं लग्न नाही.