मदत हवी आहे: बीटा ब्लॉकर चालू असताना व्यायामाचा जोर कसा ठरवायचा?

बाबा ६४ वर्षांचे. अँजिओप्लास्टीनंतर मेटोप्रोलॉल (हाच बीटा ब्लॉकर, ठोके कमी ठेवणारी गोळी) चालू आहे. स्ट्रेस टेस्ट ठीक, डॉक्टरांनी चालायला, चढायला सांगितलंय. २२० वजा वय या हिशेबाने कमाल ठोके १५६, त्याचे ७० टक्के १०९. पण पर्वतीच्या पायऱ्या चढून धाप लागली, शर्ट भिजला, तरी घड्याळ ९५च्या वर सरकत नाही. मनगटावर बोटं ठेवून मोजले, तेवढेच भरले. गोळी ठोके दाबून धरते, म्हणजे तो हिशेब इथे कुचकामी. (बाबांचा मात्र घड्याळावरच विश्वास!) गोळी बदलायचा प्रश्न नाही. छातीत दुखणं, चक्कर काही नाही; हिमोग्लोबिन व्यवस्थित.

कार्डिअ‍ॅक रिहॅब (हृदयाच्या उपचारांनंतरचा देखरेखीखालचा व्यायाम) केलेल्यांना विचारतोय: ६ ते २० वाल्या बोर्ग स्केलवर (किती दम लागतोय ते स्वतःच आकड्यात सांगायचं) चढताना कितीच्या पुढे जायचं नाही असं तुम्हाला सांगितलं होतं? की बोलता येतंय तोवर चालेल, एवढं पुरे?