रविवारी मुंबईत एकटा आहे, ऐनवेळी नाटक कसं गाठावं?

गोदाकाठ
शनिवारी कामासाठी मुंबईत येतोय, मुक्काम परळला. रविवार सकाळपासून पूर्ण मोकळा आहे. रात्री पावणेबाराला सीएसएमटीहून नाशिकची गाडी. दिवसभर नाटकच बघायचं ठरवलंय, पण आधी काही बुक केलेलं नाही. त्या दिवशी जे लागलं असेल त्यातून निवडेन. एकट्याला ऐनवेळी तिकीट मिळतं का? खुर्ची कुठली घ्यावी? दोन नाटकं बसतील का? सोबत एक मध्यम बॅग आहे.

तिसरी घंटा
मिळतं, आणि एकट्याला तर हमखास. लोक दोन-चार तिकिटं एकत्र काढतात, त्यामुळे मध्ये एकेक खुर्ची सुटी राहते. चौघांचं कुटुंब खिडकीवरून परत फिरतं, त्याच प्रयोगाला एकट्या माणसाला सहावी-सातवी रांग मिळून जाते.

रविवारी सकाळी पहिलं काम म्हणजे छापील पेपर घ्या, मटा किंवा लोकसत्ता. नाटकांच्या जाहिराती एकत्र दिसतात आणि एका नजरेत दिवस कळतो. ॲपवर ते होत नाही, शिवाय तिथे सगळ्या खुर्च्या नेहमी दिसत नाहीत. काही जागा खिडकीसाठी राखलेल्या असतात.

जाहिरात वाचायची सवय नसेल तर घोळ होतो, कारण नाट्यगृहाचं अर्धंच नाव छापतात. 'शिवाजी' म्हणजे दादर पश्चिमेचं शिवाजी मंदिर, 'यशवंत' माटुंग्याचं, 'दीनानाथ' विलेपार्ले पूर्वेचं, 'प्रबोधनकार' बोरिवलीचं, 'गडकरी' ठाण्याचं, 'फुले' डोंबिवलीचं, 'अत्रे' कल्याणचं, 'भावे' वाशीचं. तुम्ही नाशिकचे, म्हणून खास सांगतो: मुंबईच्या जाहिरातीतलं 'कालिदास' हे मुलुंडचं, तुमच्या शालिमारजवळचं नव्हे. दौऱ्यावरचं नाटक आज एका कालिदासला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कालिदासला असू शकतं, तेव्हा तारीख आणि गाव दोन्ही वाचा.

मग नाट्यगृहाच्या खिडकीवर जा. दुपारी मधले काही तास खिडकी बंद असते, म्हणून सकाळीच गाठलेली बरी. आतल्या माणसापुढे प्लॅनचा कागद असतो, विकलेल्या खुर्च्यांवर फुल्या मारलेला. 'एकच हवंय, मधल्या भागात सुटी खुर्ची कुठली आहे?' असं विचारा आणि प्लॅन बघूनच पैसे द्या. हाउसफुल्लचा बोर्ड दिसला तरी लगेच मागे फिरू नका. फोनवर राखून ठेवलेली तिकिटं कुणी उचलली नाहीत तर प्रयोगाच्या आधी सोडतात. अर्धा तास आधी खिडकीजवळ उभे राहा. आयत्या वेळी एखादा गळाला म्हणून जादा तिकीट हातात घेऊन फिरणारेही तिथेच भेटतात. तिकिटावरची तारीख, वेळ आणि नाटकाचं नाव वाचून छापील किंमतच द्या.

बाल्कनी अ-१२
खुर्चीबद्दल. पहिल्या दोन रांगा टाळा. रंगमंच उंच असतो, मान वर करून बसावं लागतं आणि नटांची पावलं दिसत नाहीत. पाचवी ते दहावी रांग उत्तम, तिथे चेहरा दिसतो आणि पूर्ण सेटही नजरेत मावतो.

अगदी कडेची खुर्ची स्वस्त असली तरी नको. आपल्याकडे दिवाणखान्याचा सेट फार, त्याला दोन्ही बाजूंना भिंती आणि दारं. उजव्या टोकाला बसलात तर उजव्या भिंतीतल्या दारातून कोण आलं ते तो माणूस पुढे येईपर्यंत कळत नाही. विनोदी नाटकात निम्मा हशा या एंट्रीवरच असतो, त्यामुळे सगळं हसून झाल्यावर तुम्हाला कारण दिसणार. तळमजल्यावरच्या शेवटच्या रांगाही नकोत. वर बाल्कनीचं छत येतं, आवाज दबून पोचतो. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग कितीतरी चांगली. नृत्य-संगीत असलेलं नाटक असेल तर मी तीच घ्या म्हणेन, रचना वरून नीट कळते.

तिकीट बहुतेक 200 ते 500 रुपयांत. वेळ मध्यंतर धरून दोन ते अडीच तास. प्रायोगिक नाटक असेल तर दीड तास आणि मध्यंतर बहुधा नाही, त्यामुळे आधीच खाऊन घ्या.

मधली लाईन
दोन नाटकं बसतात, पण जागा जपून निवडा. तुमची अडचण पावणेबाराची गाडी ही आहे. रात्री साडेआठचा प्रयोग अकराला सुटतो. दीनानाथहून निघून पार्ल्याची स्लो, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग सीएसएमटी, हे पाऊण तासात बसवणं धोक्याचं. एक लोकल चुकली की गाडी गेली. साडेआठचं नाटक बघायचंच तर दादर-माटुंग्यातलं बघा, आणि तेव्हाही पडदा पडल्या पडल्या निघा.

मी असं लावेन: सकाळी अकराचा प्रयोग असेल तर तो पार्ल्याला, दुपारी चारचा शिवाजी मंदिरला. साडेसहापर्यंत मोकळे, रात्रीचं जेवण निवांत. अकराचा प्रयोग नसेल तर दुपारचं एकच नाटक पक्कं धरा आणि संध्याकाळी सातच्या आसपास काही लागलं असेल तरच दुसरं.

मेगाब्लॉक विसरू नका. मध्य आणि हार्बरवर रविवारी साधारण अकरा ते चार गाड्या कमी आणि उशिरा असतात, म्हणजे नेमक्या दुपारच्या प्रयोगाला निघायच्या वेळेत. पश्चिमेलाही कधी असतो. परळहून तुम्ही रेल्वेच्या पादचारी पुलावरून चालत प्रभादेवी स्टेशनला या, पश्चिम रेल्वेने पुढचंच स्टेशन दादर. तिथून शिवाजी मंदिर चालत पाच-सात मिनिटं, प्लाझा सिनेमाजवळ. पार्ल्याला जाताना स्लोच धरा. फास्ट बहुतेक पार्ल्याला थांबत नाही, थेट अंधेरीला नेते. आणि यशवंतसाठी 'माटुंगा रोड' स्टेशन, पश्चिम रेल्वेचं. नुसतं 'माटुंगा' मध्य रेल्वेवर आहे, तिथे उतरलात तर रुळांच्या पलीकडे अडकाल आणि पहिली घंटा रस्त्यातच होईल.

बॅग नाट्यगृहात ठेवायला जागा नसते, पायाशी घेतली तर रांगेतल्या सगळ्यांना त्रास. लॉजवाल्याकडे ठेवा किंवा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये. बॅगेला कुलूप हवं, आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, कालिदासचं तर डोक्यातच आलं नसतं. पृथ्वी थिएटरचं बरंच ऐकलंय. ते जमवता येईल का? आणि मधल्या वेळात दादरला काय करावं?

तिसरी घंटा
पृथ्वी जमेल, पण मग तो दिवस त्याच्यासाठीच ठेवा. जुहूला आहे, पार्ले पश्चिमेहून रिक्षा. 1978 साली सुरू झालेलं छोटं थिएटर, जेमतेम 200 खुर्च्या, आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना. नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो इतकं जवळ. नाटकं हिंदी-इंग्रजी जास्त, मराठी अधूनमधून. उशीर झाला तर आत सोडतच नाहीत, तिकीट हातात असलं तरी. रांग लवकर लागते, निदान अर्धा तास आधी जा. तिथून सीएसएमटीला दीड तास धरा, म्हणजे तुमच्यासाठी रात्री आठनंतरचा प्रयोग नको.

दादरला वेळ असेल तर स्टेशनजवळची छबिलदास शाळा बाहेरून तरी बघून या. 1974 पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने तिथल्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली, त्या चळवळीला नावच छबिलदास पडलं. शाळेची साधी इमारत आहे, पाटी बघून पुढे जाल असं वाटतं, पण नाटकवेड्याने ती चुकवू नये. खायचं असेल तर 'प्रकाश' उपाहारगृहाचा साबुदाणा वडा आणि पियूष, रांग असते तेव्हा प्रयोगाच्या तासभर आधी बसा. मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा खा. पहिल्या अंकाचा पडदा पडला की थेट काउंटर गाठायचा, पाच मिनिटांनी गेलात तर गर्दीत वडा हातात येईपर्यंत घंटा होते.

बाल्कनी अ-१२
एक राहिलं. नाटक आवडलं तर पडदा पडल्यावर रंगपटात जाऊन कलाकारांना भेटता येतं, आपल्याकडे ती पद्धत आहे. दाराशी विचारा, मेकअप उतरवेपर्यंत दोन मिनिटं थांबा, काय आवडलं ते नेमकं सांगा. फोटोआधी परवानगी घ्या. दुपारच्या प्रयोगानंतर मात्र थोडक्यात आटपा. त्यांना सेट काढून रात्रीच्या प्रयोगाला दुसरं नाट्यगृह गाठायचं असतं, टेम्पो मागच्या दाराशी उभा असतो.