मदत हवी आहे: एमएससाठी सॅटिव्हेक्स एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवेतून) मिळालंय का कुणाला? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

आम्ही मिडलंड्सला असतो. बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. काठीच्या आधाराने चालते, पण पाय ताठरण्याचा त्रास फार वाढलाय. रात्री पोटरीत असा गोळा येतो की मी टाच धरून हळूहळू ताणतो तेव्हा कुठे सुटतो. बॅक्लोफेन वाढवलं की ताठरपणा उतरतो, पण सोबत पायांतली ताकदही जाते. गॅबापेंटिनने दिवसभर गुंगी.

म्हणून सॅटिव्हेक्स, म्हणजे कॅनबिसपासून (गांजाचं झाड) बनवलेलं औषध, हवंय. जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणाले, हे स्पेशालिस्टनेच सुरू करायचं असतं. नाइस या एनएचएसला उपचार सुचवणाऱ्या संस्थेच्या 2019च्या शिफारशी वाचल्या: बाकीच्या औषधांनी भागत नसेल तर हा तोंडात मारायचा स्प्रे चार आठवडे द्यावा आणि त्रास निदान 20 टक्के उतरला तर चालू ठेवावा. आमची केस यात चपखल बसते. तरी न्यूरॉलॉजिस्टच्या सेक्रेटरीचं एका ओळीचं उत्तर आलं: आमच्या भागात निधी नाही. औषधाला 2010 पासून परवाना आहे हो!

आता पुढे कुणाला धरायचं? की सरळ खाजगी क्लिनिक गाठायचं? ती अजून गाडी चालवते, स्प्रे सुरू केल्यावर चालवता येईल का? शिवाय सासूबाईंनी पुण्याहून विजया तेलाची (भांगेच्या पानांचं आयुर्वेदिक तेल) लिंक धाडलीय, येताना घेऊन येते म्हणतात. आणि जानेवारीत भाच्याची मुंज आहे, तेव्हा स्प्रे पुण्याला नेता येईल का?

प्रतिसाद:

आधी सासूबाईंना थांबवा. भारतात एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पानं आणि बिया वगळल्या आहेत, म्हणून आयुर्वेदिक कंपन्या विजया विकू शकतात. पण त्यात टीएचसी (नशा आणणारा घटक) असतं आणि हीथ्रोवर ती पळवाट चालत नाही. मुंजीचंही तसंच. इथलं प्रिस्क्रिप्शन म्हणजे भारतातला परवाना नव्हे. भारतीय हायकमिशनला विचारा, लेखी होकार हातात आल्याशिवाय नेऊ नका. दुबईमार्गे तर नकोच.

'निधी नाही' हे तोंडी किंवा ईमेलवर ऐकून गप्प बसू नका. तुमच्या भागाच्या आयसीबीचं (एनएचएसचा स्थानिक निधी ठरवणारं मंडळ) लेखी धोरण मागवा. पहिल्या चार आठवड्यांचा खर्च कंपनीने उचलायचा, हे नाइसच्या शिफारशीतच आहे, ते दाखवा. डॉक्टरपेक्षा एमएस नर्सला धरा, काम तिथूनच हलतं. आणि आजपासून वहिनींना रोज ताठरपणाला 0 ते 10 मध्ये आकडा द्यायला सांगा. पुढे मोजणी त्यावरच होते.

खाजगीत 2018 पासून परवाना नसलेली कॅनबिसची औषधंही स्पेशालिस्ट देऊ शकतात, पण दर महिन्याचा खर्च आपल्या खिशातून. गाडीबाबत: औषध सांगितल्याप्रमाणेच घेतलं असेल आणि चालवण्यावर परिणाम नसेल तर कायद्यात बचाव आहे. प्रिस्क्रिप्शनची प्रत गाडीत ठेवा. नवीन सुरू केल्यावर मात्र काही दिवस चालवू नये.

एक विचारतो, राग मानू नका: त्यांना किंवा माहेरी कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होता का? असेल तर सॅटिव्हेक्स देत नाहीत, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.